रक्तजनक मूलपेशींचे पुनर्यौवन
रक्तजनक मूलपेशींचे पुनर्यौवन म्हणजे वार्धक्याने क्षीण झालेल्या रक्तजनक मूलपेशींची कार्यक्षमता औषधांच्या साहाय्याने पूर्ववत करण्याचा प्रयत्न होय. अस्थिमज्जेतील या पेशींपासून तांबड्या व पांढऱ्या रक्तपेशी आणि बिंबिका तयार होतात. वयाबरोबर त्यांची संख्या घटत नाही, उलट वाढते. घटतो तो त्यांचा कस. म्हणूनच अस्थिमज्जा प्रत्यारोपणात दात्याचे वय महत्त्वाचे ठरते.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील वैजयंती काळे व सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेले संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात औषध मूलपेशींना नव्हे, तर त्यांच्या शेजारच्या आधारपेशींना देण्यात आले. आधारपेशी सूक्ष्म पुटिकांवाटे मूलपेशींना काही संदेशवाहक आरएनए पुरवतात. पेशीतील टाकाऊ भाग मोडीत काढण्याची क्रिया, म्हणजे स्वभक्षण, त्यांवर अवलंबून असते. वृद्ध आधारपेशींत ‘एकेटी’ हे प्रथिन अधिक सक्रिय होऊन हा पुरवठा घटतो. एकेटी रोखल्यावर तो वाढला. इतकेच नव्हे, तर अशा पुटिका तरुण आधारपेशींच्या पुटिकांहूनही सरस ठरल्या.

मानवी पेशींवरील ‘कॅसिन’ या रसायनाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅसिन ‘सीडीसी४२’ या प्रथिनाची वाढलेली सक्रियता कमी करते. वृद्ध मानवी मूलपेशींवर शरीराबाहेर त्याची प्रक्रिया करून त्या उंदरांत सोडल्या असता त्यांचे रुजणे तरुण पेशींसारखे आढळले. हे प्रयोग प्रयोगशाळेतील असून रुग्णांवरील उपचार नव्हेत.