दस्त्यातला खुळखुळा

बहुतेक रायफलींचा दस्ता मोडला तरी बंदूक एक वेळ चालेल. एआर-१५ घराण्यात तसं नाही. तिथं दस्त्याच्या पोटातच यंत्राचा अर्धा जीव आहे.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्मालाइट कंपनीत युजीन स्टोनर यांनी नळी आणि दस्ता एका रेषेत आणले. धक्का सरळ खांद्यात जातो, बंदुकीचं तोंड फारसं वर उसळत नाही. पण मग परतीची स्प्रिंग दस्त्यात गेली. गोळी सुटली की नळीतला थोडा वायू बोल्ट कॅरियरला मागे रेटतो. कॅरियर रिकामं काडतूस बाहेर फेकत स्प्रिंग दाबतो आणि नवं काडतूस घेऊन पुढे येतो.

कॅरियर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये बसतो बफर. हातात घेऊन हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजतो. नवख्याला वाटतं, काहीतरी सुटलंय. खरं तर आत पोलादी वजनं मुद्दाम मोकळी ठेवलेली असतात. कॅरियर पुढे आदळून उलट उसळू पाहतो, तेवढ्यात मागून ही वजनं येऊन त्याला दाबून धरतात. इतकी साधी युक्ती!

ती सुचायला व्हिएतनाम घडावं लागलं. १९६४मध्ये काडतुसातली दारू बदलली आणि एम-१६चा, म्हणजे एआर-१५च्या लष्करी रूपाचा, स्वयंचलित माऱ्याचा वेग मिनिटाला ८५० फैरींची मर्यादा ओलांडू लागला. पहिल्या बफरला कॅरियरची उसळी आवरेना. हॅमर पडायचा, पण काडतूस पेटायचं नाही. कोल्ट कंपनीतल्या फॉस्टर स्टर्टेव्हंट यांचा सरकत्या वजनांचा बफर पुढे आला. त्यानं वेग उतरला. मात्र चेंबरात अडकणारी काडतुसं हा वेगळाच दोष होता. त्यासाठी चेंबरला क्रोमचा मुलामा द्यावा लागला, साफसफाईचं साहित्य पोचवावं लागलं. १९६७मध्ये अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड समितीनं लष्करी व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले ते उगाच नव्हेत.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दर गोळीला ट्रिगर दाबायचा असल्यानं उसळी थांबायला वेळ मिळतो. बफरच्या वजनाचा प्रश्न मात्र सुटत नाही. तो जड आणि वायू कमी असेल, तर कॅरियर पुरेसा मागे जात नाही आणि पुढचं काडतूस उचललं जात नाही. तो हलका असेल, तर काडतूस चेंबरात फुगलेलं असतानाच ओढलं जातं किंवा मॅगझिननं पुढचं वर ढकलण्याआधीच बोल्ट निघून जातो.

आखूड कार्बाइननं हा तोल आणखी बिघडवला. सरकत्या दस्त्यात मावेल असा आखूड बफर सुमारे ८५ ग्रॅमचा. पूर्ण लांबीच्या रायफलीचा साधारण १४५ ग्रॅमचा. शिवाय कार्बाइनमध्ये वायू चेंबरच्या जवळून, अधिक दाबानं घेतला जातो. म्हणजे ढकलणारा दांडगा, अडवणारा किरकोळ. एम-४ कार्बाइनसाठी मग एका पोलादी वजनाच्या जागी टंगस्टन आलं. हा इलाज चतुर आहे, पण मूळ दुखणं वायूचं असताना दस्त्यातल्या बफरच्या नळीत वजन वाढवत राहणं ही मलमपट्टीच.

आणि या दस्त्याची घडीही होत नाही, कारण कॅरियरला मागे जागा लागते. एके-४७ची स्प्रिंग रिसीव्हरमध्येच असल्यानं तिथं ही अडचण नाही. भारतीय सशस्त्र दलांसाठी २०१९मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला. त्यांनाही मागे बफरची हीच नळी आहे. दस्ता तिच्यावर पुढे-मागे सरकतो, एवढीच मुभा.