शिंपला किती वेगाने विरघळतो?

मंडणगड तालुक्यात वेळासच्या किनाऱ्यावर मिळणारा शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो आम्लात टाकला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. अभिक्रियेचा वेग समजून घ्यायला शाळेत हा प्रयोग जरूर करावा.

अख्खा शिंपला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सावकाश विरघळतो. तेवढ्याच वजनाची पूड मात्र फसफसते, कारण आम्लाला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. आम्लाची संहती वाढवली की कणांच्या टकरी वाढतात. तापमान वाढवलं की टकरी थोड्या वाढतात. पण अभिक्रियेला लागणारी किमान ऊर्जा कितीतरी अधिक कणांपाशी येते, आणि वेग वाढतो तो मुख्यतः त्यामुळे. काही अभिक्रियांत उत्प्रेरक कमी ऊर्जेची वेगळी वाट देतो; स्वतः खर्ची पडत नाही.

वेग मोजायला शंकुपात्राच्या तोंडाशी सैल कापूस लावून ते तराजूवर ठेवा. वायू निसटतो तसं वजन घटतं. दर 30 सेकंदांनी नोंद करा. समजा, 2 मिनिटांत 0.6 ग्रॅम घट झाली, तर सरासरी वेग मिनिटाला 0.3 ग्रॅम. आलेख आधी झपाट्याने उतरतो, मग सपाट होतो, कारण आम्ल किंवा शिंपला संपत आलेला असतो.

एका वेळी एकच घटक बदला आणि डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा लावाच.