खारेपाटणच्या वेशीवरचा मास्क

मुंबईहून महामार्गाने येताना सिंधुदुर्गाची वेस लागते ती खारेपाटणला. कोरोनाच्या साथीत, २०२०च्या गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्या इथल्याच तपासणी नाक्यावर थांबत. काच खाली व्हायची आणि हनुवटीवर लोंबणारा मास्क घाईघाईने नाकावर चढायचा. घरी म्हातारी आई. तिच्यासमोरही तोंड झाकून बसायचं का, यावरून घराघरांत वाद होते.

वाद राजकारणातही शिरला. २७ फेब्रुवारी २०२१ला, मराठी भाषा दिनी, राज ठाकरे शिवाजी पार्कवर विनामास्क आले आणि आपण मास्क घालतच नसल्याचं त्यांनी पत्रकारांना सांगितलं. त्याच मुंबईत सामान्य माणसाला विनामास्क फिरल्याबद्दल दोनशे रुपये दंड होता. लोकांना हे खटकलं, आणि ते रास्तच होतं.

भांडण जुनंच. १९१९मध्ये, फ्लूच्या साथीत, सॅन फ्रान्सिस्कोत मास्कसक्तीविरुद्ध ‘अँटी-मास्क लीग’ उभी राहिली होती.

साध्या मास्कमध्ये घालणाऱ्याच्या तोंडचे बरेचसे तुषार अडतात, त्यामुळे समोरच्याचा धोका कमी होतो. ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. महाराष्ट्रातली सक्ती उठली ती २०२२च्या गुढीपाडव्याला.