एक पत्ता, दोन पेट्या

व्यापारात नावाइतकेच पत्त्याला महत्त्व असते. पत्ता चुकला की माल भलत्याच दारी उतरतो आणि पतही जाते. ही गोष्ट आम्ही चाळीस वर्षे गादीवर बसून शिकलो होतो. तरीही गेल्या वर्षी संगणकाच्या निमित्ताने ती आम्हांस नव्याने शिकावी लागली. बहुतेक सभासदांच्या पेढ्यांवर आता संगणक आले असल्यामुळे तो अनुभव येथे निवेदन करीत आहोत.

आमच्या बेळगावच्या पेढीत इंटरनेट पुरविणारी एक पेटी होती. तिला राउटर म्हणतात. मागील वखारीपर्यंत तिचे वाय-फाय पोहोचेना, म्हणून आम्ही दुसरा राउटर आणून तो तारेने पहिल्यास जोडला. दुसऱ्याच दिवसापासून विचित्र प्रकार सुरू झाला. एका संगणकावर काम सुरळीत चाले, त्याच वेळी शेजारचा अडून बसे. घटकाभराने नेमके उलट होई. पेढीतल्या पेढीत बिले छापली जात, परंतु बाहेरचे काहीच उघडेना.

एके सायंकाळी गोव्यास जाणारी पिशवीबंद डाळीची गाडी भरून उभी असता ई-वे बिल निघेना. आंतरराज्य वाहतुकीसाठी हे बिल १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले आहे. त्यावाचून गाडी हलविणे म्हणजे दंड ओढवून घेणे. गाडी तीन तास खोळंबली. संतापाच्या भरात आम्ही आमच्या वृद्ध दिवाणजींस हमालांदेखत बोललो, "तुम्हीच काहीतरी भलतेसलते दाबले असणार." ते काही न बोलता खाली मान घालून बसले.

रात्री पुतण्याने शोध घेतला. त्याने समजाविले ते असे. प्रत्येक यंत्रास चार आकड्यांचा एक पत्ता असतो. १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत; त्यामुळे आपल्या घरी आणि शेजाऱ्याच्या घरी एकच पत्ता असला तरी बिघडत नाही. मात्र एकाच घरात तो दोघांस असता कामा नये. आमच्या दोन्ही पेट्या कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन आल्या होत्या!

संगणकास बाहेर काही धाडावयाचे असले म्हणजे तो प्रथम हाक देतो, "या पत्त्यावर कोण आहे?" जी पेटी ओ देईल तिचा कायमचा यंत्रक्रमांक तो टिपून ठेवतो आणि सर्व टपाल तिकडे सोपवितो. ही आर्प नावाची पद्धत १९८२ सालची असून ती निव्वळ विश्वासावर चालते. ओ देणाऱ्याची खातरजमा तीत नाही. ज्या संगणकाने जुनी पेटी टिपली त्याचे काम होई. ज्याने नवी टिपली त्याचे टपाल तेथेच पडून राही, कारण नव्या पेटीस बाहेरची वाटच नव्हती. ही टिपणी थोड्या थोड्या वेळाने नवी होते, म्हणून दोष फिरता दिसे. भांडण दोन पेट्यांत असल्यामुळे संगणकाच्या पडद्यावर सूचनाही उमटत नव्हती.

पुतण्याने दोन संगणकांवर 'आर्प -ए' ही आज्ञा देऊन पाहिली. एकाच पत्त्यापुढे दोन ठिकाणी दोन निरनिराळे यंत्रक्रमांक निघाले. पेट्यांच्या बुडाशी चिकटविलेल्या चिठ्ठ्यांशी ते ताडून पाहता एक जुनीचा, दुसरा नवीचा. नव्या पेटीची तार काढताच थोड्याच वेळात सर्व संगणक सुरळीत झाले. मग त्याने नव्या पेटीस १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, इतर यंत्रांना पत्ते वाटण्याचे तिचे काम बंद करून ते एकट्या जुनीकडे ठेवले आणि तार पुन्हा जोडली. तेव्हापासून तक्रार नाही.

सभासद बंधूंस आमची विनंती एवढीच की, खतावणीप्रमाणे पत्त्यांचीही एक वही ठेवावी. राउटर, छपाईयंत्र, कॅमेरे, जे जे ठरावीक पत्त्यावर बसविले असेल त्याचा पत्ता व यंत्रक्रमांक तीत लिहावा. नवे यंत्र जोडण्यापूर्वी ती वही पाहावी. काम कधी चालते, कधी अडते असे झाले तर एकाच संगणकाच्या साक्षीवर निर्णय न देता दुसऱ्याचीही साक्ष घ्यावी. अनेकान्ताचा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. त्या रात्री दोन्ही संगणक आपापल्या जागी खरेच सांगत होते, पण आम्ही एकाचेच ऐकून एका निरपराध माणसास दोषी ठरविले.

क्षमावाणीच्या दिवशी आम्ही त्याच हमालांदेखत दिवाणजींची क्षमा मागितली. ते म्हणाले, "शेठजी, पत्ता चुकला होता, माणूस नव्हे." पत्त्यांची ती वही आता त्यांच्याच हस्ताक्षरात आहे.