गोलपोस्टमध्ये उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी

शनिवार पेठेतून खाली नदीपात्रात उतरलं, की सुट्टीच्या दिवशी पोरांचा फुटबॉल हमखास दिसतो. दोन विटा इकडे, दोन विटा तिकडे, झाला गोलपोस्ट. गोल मारायला सगळ्यांनाच आवडतं. गोलकीपर मात्र कोणाला व्हायचं नसतं. मग जो लहान किंवा जो उशिरा आला, त्याला तिथं उभं करतात. आरोग्याच्या नजरेनं पाहिलं तर सगळ्यात जपायला हवं ते याच मुलाला. तो हातापायावर पडतो, धावत येणाऱ्याच्या पायात डोकं घालतो आणि छातीवर बॉल झेलतो.

हे नीट समजून घ्यायला एका गोलकीपरची कारकीर्द बघू. त्याचं नाव सुब्रत पॉल. जन्म १९८६ चा, पश्चिम बंगालमधल्या सोदपूरचा. टाटा फुटबॉल अकादमीत तो तयार झाला. आपल्या पुण्याशीही त्याचं नातं आहे. बालेवाडीच्या मैदानावर खेळणाऱ्या पुणे एफसीचा तो गोलकीपर होता, आणि पुढे २०१७ मध्ये पुण्याच्याच डीएसके शिवाजीयन्सकडूनही खेळला. २००९ मध्ये दिल्लीच्या डॉ. आंबेडकर स्टेडियमवर नेहरू चषकाची अंतिम लढत पेनल्टीवर गेली. सीरियाला हरवून भारत जिंकला, तेव्हा गोलमध्ये सुब्रतच होता. जानेवारी २०११ मध्ये दोह्याच्या आशियाई चषकात दक्षिण कोरियाकडून भारत ४-१ असा हरला. पण त्यानं इतके बॉल अडवले, की लोक त्याला 'स्पायडरमॅन' म्हणू लागले. २०१६ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२३ च्या अखेरीस तो निवृत्त झाला. वय ३७. गोलकीपर अंग जपून राहिला, तर इतकी वर्षं खेळू शकतो.

या कारकिर्दीतल्या दोन घटना मात्र प्रत्येक आईबापाला माहीत हव्यात.

पहिली : छातीचा मार आणि थांबलेला श्वास

५ डिसेंबर २००४. बंगळुरूत फेडरेशन चषकाची अंतिम लढत, गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. सुब्रत मोहन बागानचा गोलकीपर, नुकती अठरा वर्षं पूर्ण झालेली. डेम्पोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर संघाचा दुसरा गोल मारत असताना दोघांची टक्कर झाली. ज्युनियर कोसळला तो उठलाच नाही. वय अवघं २५. सुब्रतवर काही काळ बंदी आली. पण मैदानावर तातडीच्या उपचारांची पुरेशी सोय नव्हती, अशीही टीका तेव्हा झाली. माझ्या मते खरा धडा तिथंच आहे.

हृदय थांबलं की मेंदूला रक्त मिळत नाही. चार-पाच मिनिटांतच मेंदूचं नुकसान सुरू होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत जो शेजारी उभा आहे, तोच डॉक्टर. म्हणून एवढं पाठ करा :

• खांद्याला हलवून मोठ्यानं हाक मारा. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा घोरल्यासारखा तुटक श्वास आहे, तर लगेच एकाला १०८ लावायला सांगा.
• कडक जमिनीवर उताणं ठेवा. छातीच्या मधोमध तळहाताचा खालचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरं सरळ.
• जोरात आणि भराभर दाबा : मोठ्या माणसाला दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.
• दमलात तर दुसऱ्याला द्या, पण थांबू नका. मदत येईपर्यंत चालू ठेवा.

तोंडात पाणी ओतायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. वस्तीतल्या मंडळानं वर्षातून एकदा तरी हे प्रात्यक्षिक पोरापोरींकडून करून घ्यावं. तासाभरात शिकता येतं.

दुसरी : खोकल्याचं औषध

२०१७ मध्ये सुब्रतच्या उत्तेजक चाचणीत टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते शरीरात गेलं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच हंगामात तो जमशेदपूरकडून खेळला आणि इंडियन सुपर लीगचा गोल्डन ग्लोव्ह त्यालाच मिळाला. पण मधले दिवस त्याला किती जड गेले असतील!

टर्ब्युटालिन श्वासनलिका मोकळ्या करतं, म्हणून दम्याच्या आणि खोकल्याच्या काही औषधांत असतं. त्यानं छाती धडधडते, हात थरथरतात. आपल्या वस्तीत काय चालतं? शेजारणीच्या घरातली अर्धी बाटली आणायची आणि दोन झाकणं पाजायची. असं करू नका. लहान मुलांना खोकल्याचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. मुलगा किंवा मुलगी जिल्हा-राज्य पातळीवर खेळत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा, 'हा खेळाडू आहे.' औषधाची चिठ्ठी आणि बाटली जपून ठेवा.

डोक्याचा मार लपवू नका

१४ ऑक्टोबर २००६ ला इंग्लंडमध्ये चेल्सीचा गोलकीपर पेटर चेक याच्या डोक्यावर समोरच्याचा गुडघा बसला आणि कवटी मोडली. तीन महिन्यांनी तो परतला, पण २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत डोक्यावर संरक्षक टोपी घालूनच खेळला.

डोक्याला मार लागल्यावर पोरगं उठून उभं राहिलं, म्हणजे बरं झालं असं नाही. डोकं दुखणं, गरगरणं, अंधुक दिसणं, तोच तोच प्रश्न विचारणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं. पुन्हा मैदानात कधी उतरायचं तेही डॉक्टरच ठरवतील. वारंवार उलट्या, झटके, बेशुद्धी, जागं करूनही न उठणारी झोप, कानानाकातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं काही दिसलं तर सरळ ससून गाठा. सकाळपर्यंत वाट पाहू नका. मान दुखत असेल तर ओढून उठवू नका. १०८ येऊ द्या.

रोजची छोटी काळजी

• गोलपोस्टला विटा ठेवू नका. झेप घेताना डोकं त्यावरच आपटतं. दप्तरं किंवा चपला ठेवा.
• खेळण्याआधी मैदानातल्या काचा, खिळे उचला. जखम झाली तर वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते दवाखान्यात सांगा.
• बोट मुडपलं तर कोणाकडून ओढून घेऊ नका. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेका. वाकडं दिसत असेल, सूज उतरत नसेल, तर एक्स-रे काढा.
• खेळाआधी दहा मिनिटं अंग मोकळं करा. सोबत पाण्याची बाटली आणि मूठभर शेंगदाणे-गूळ असू द्या.

मुलींनाही खेळू द्या. भारताची गोलकीपर अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम महिला संघात खेळली. आपल्या वस्तीतल्या मुलीला पहिली संधी गोलकीपर म्हणूनच मिळेल कदाचित. ती मिळाली, तर 'लागेल' म्हणून घरी बसवू नका. लागलं तर काय करायचं, ते घरातल्या दोघातिघांना शिकवून ठेवा.