शस्त्रक्रिया किती झाल्या, की किती जणांना दिसू लागले?

नेत्रशिबिराची बातमी बहुधा आकड्यानेच सुरू होते. इतके रुग्ण तपासले, इतक्या शस्त्रक्रिया केल्या. कंपनीला ताळेबंद पुरतो. पण गरिबाकडून पैसे न घेता स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणाऱ्या रुग्णालयाचे काम मोजायचे कसे?

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केले. ऐपत असलेले शुल्क भरतात, त्यातून मोफत व सवलतीचे उपचार चालतात. १९९२ मध्ये संलग्न ऑरोलॅबने कृत्रिम भिंगे बनवायला घेतली आणि आयातीमुळे महाग पडणारे भिंग स्वस्त झाले. जमाखर्चाची बाजू अशी सावरली.

दुसरी बाजू अवघड. मोतीबिंदू काढला म्हणजे दिसू लागलेच असे नाही. चुकीच्या नंबरचे भिंग, जंतुसंसर्ग किंवा न मिळालेला चष्मा, काहीही आड येऊ शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा निकष नजर मोजतो. शस्त्रक्रियेनंतर, असेल तो चष्मा लावून, किमान ८० टक्के डोळ्यांची नजर ६/१८ किंवा त्याहून चांगली हवी. म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर त्यांना निदान सहा मीटरवरून तरी ओळखता यावे. यासाठी रुग्ण काही आठवड्यांनी परत यायला हवा. बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे सोसून नुसते तपासून घ्यायला कोण येणार? आणि न आलेल्यांतच बिघडलेले डोळे जास्त असतील, तर उरलेल्यांची सरासरी फसवीच.

त्याहून मोठी फसगत शिबिराच्या गर्दीची. तमिळनाडूतल्या शिबिरांच्या परिसरात घरोघरी विचारपूस करणारा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांचा त्रास असलेल्या प्रौढांपैकी जेमतेम सात टक्के शिबिराला गेले होते. बाकीच्यांना भीती होती, खर्चाची चिंता होती, घरची कामे होती. काहींना वयामुळे असे व्हायचेच, असे वाटत होते. रांगेत उभ्या असलेल्यांनाच मोजत राहिले असते, तर हे कधी कळलेच नसते.

पुढे अरविंदने गावोगावी कायमची दृष्टी केंद्रे उघडली. तिथे प्रशिक्षित तंत्रज्ञ डोळे तपासतात आणि डॉक्टर दूरवरून पडद्यावर सल्ला देतात. एका केंद्राच्या वाट्याला साधारण ५० हजारांची वस्ती येते. त्यामुळे आलेल्यांच्या आकड्याखाली लिहायचा छेदही आता हाताशी आहे.