टॉमकाका आणि जिम

'टॉमकाका' हे नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात शिवीसारखे वापरले जाते. गोऱ्या धन्यापुढे लवणारा, स्वतःच्या माणसांशी द्रोह करणारा, असा त्याचा अर्थ. ज्या श्रोत्यांनी मूळ कादंबरी वाचली असेल त्यांना याचे नवल वाटेल. हॅरिएट बीचर स्टो यांचा टॉम मरतो तो असा द्रोह करण्याचे नाकारतो म्हणूनच. लेग्री हा मळेवाला त्याला एका गुलाम बाईस फटके मारावयास सांगतो. टॉम हात उचलीत नाही. पुढे दोन बाया लपून बसतात. त्यांचा ठावठिकाणा त्याला माहीत असतो, पण तो सांगत नाही आणि मार खाऊन प्राण सोडतो. मग हे नाव शिवी झाले कसे?

पळालेल्या गुलामास धन्याकडे परत धाडण्याचा कडक कायदा १८५० साली झाला. त्याच्या संतापातून ही कथा प्रथम एका साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या तीन लाख प्रती खपल्या. लगोलग नाटकवाल्यांनी ती उचलली. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करीत, तसल्या खेळांचा तो काळ. पुस्तकातला टॉम धट्टाकट्टा, लहान मुलांचा बाप. रंगभूमीवर तो पिकल्या केसांचा, वाकलेला म्हातारा झाला. लोकांच्या मनात राहिला तो हाच.

परंतु सगळा दोष नाटकवाल्यांच्या माथी मारता येणार नाही. स्टोबाईंच्या पुस्तकात बंड करून पळणारे जॉर्ज आणि एलायझा हे जवळजवळ गोरे दिसणारे आहेत. काळाकुट्ट टॉम मात्र सोसतो आणि प्रार्थना करतो. जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाने १९४९ साली नेमके यावर बोट ठेवले. टॉमला संत करण्यासाठी लेखिकेने त्याचे माणूसपण काढून घेतले, असा त्याचा आक्षेप. आम्हांला तो कठोर वाटतो, पण खोटा वाटत नाही. ज्याची नुसती दया येते त्याला आपण बरोबरीचा मानतोच असे नाही. (आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्या लढ्याकडे इकडची माणसेही किती आशेने पाहत होती, हे त्यावरून कळते.)

मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'मधील जिम याहून अवघड माणूस आहे. ही कादंबरी १८८४-८५ साली, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपल्यावर वीस वर्षांनी निघाली. काळ मात्र त्याआधीचा रंगविलेला आहे. आरंभी जिम भुताखेतांना भिणारा, हसण्याजोगा भोळा वाटतो. मग तराफ्यावर एके रात्री तो आपल्या चिमुकल्या मुलीची हकीगत सांगतो. दार लाव म्हटले तरी पोर नुसती हसत उभी राहिली, म्हणून त्याने तिला थप्पड मारली. थोड्या वेळाने वाऱ्याने तेच दार तिच्या पाठीमागे धाडकन आपटले आणि पोर जागची हललीदेखील नाही. तापात तिचे कान गेले होते, हे बापाला तेव्हा उमगले. तो तिला उराशी धरून रडतो. हे बोलणारा माणूस विदूषक राहूच शकत नाही. राल्फ एलिसनने १९५८ साली म्हटले ते हेच: ट्वेनने जिमला नकलाकारांचा मुखवटा घातला खरा, पण त्या मुखवट्याआडून जिमची थोरवी दिसू लागते.

आणि शेवटच्या प्रकरणांत ट्वेननेच ती घालविली! जिम कोंडलेला असताना टॉम सॉयर त्याच्या सुटकेचा पोरखेळ मांडतो. जिमची मालकीण दोन महिन्यांपूर्वीच मृत्युपत्रात त्याला मुक्त करून गेली आहे, हे त्या पोराला ठाऊक असते. खेळ संपल्यावर जिमच्या हातावर चाळीस डॉलर पडतात. त्याची बायको आणि मुले अद्याप गुलामच. त्यांच्याविषयी पुस्तक काही बोलत नाही.

हार्पर लीच्या १९६० सालच्या कादंबरीतील टॉम रॉबिन्सनही निरपराध आहे, पण कथा चालते ती त्याच्या गोऱ्या वकिलाची. काळ्या माणसाला आतून बोलताना ऐकावयाचे तर एलिसनची १९५२ ची कादंबरी किंवा टोनी मॉरिसन यांची १९८७ सालची 'बिलव्हेड' वाचावी. मॉरिसन यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पर्सिव्हल एव्हरेट याने तर २०२४ साली जिमलाच निवेदक केले. त्या कादंबरीला २०२५ चे पुलित्झर पारितोषिक लाभले. हा जेम्स चोरून लिहावाचावयास शिकलेला आहे. गोऱ्यांसमोर तो मुद्दाम मोडके बोलतो, आणि आपल्या मुलांनाही तसे बोलावयास शिकवितो. कारण गोऱ्या माणसाला आपण शहाणे आहोत असे वाटत राहिले तरच काळ्याचा जीव सुरक्षित. ट्वेनने जिथे त्याच्या बायकोमुलांना सोडले, तिथे हा थांबत नाही. तो हातात पिस्तूल घेऊन त्यांना सोडवावयास जातो.